पाहुण्याचं पाणी

"कोनी बंद करी? मी बंद नही करी. माले इचारं का कोनी?"

माझी माय मोबाईलवर ओरडत होती. मोबाईलमध्ये पलीकडे कोणी नव्हतं. फोन लागलेलाच नव्हता. नुसता एक मेसेज येऊन पडला होता, आणि माय त्या मेसेजला अहिराणीत जाब विचारत होती, तोही अशा आवाजात की बारडोलीच्या साखर कारखान्याच्या भोंग्याने मान खाली घालून गावी निघून जावं. सुरतेच्या कडेला, भेस्तानच्या आमच्या गल्लीत शनिवारी सकाळी निम्मे लोक रात्रपाळी करून झोपलेले असतात. ते सगळे उठून दारात आले. ज्यांना अहिराणी कळत नाही त्यांनाही कोणाचं तरी काहीतरी चुकलंय एवढं कळलं.

मेसेज गुजरातीत होता. मी तो पुन्हा वाचला, यावेळी मराठीत करून. आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. जागेवर तपासणी केली. पाण्यात दोष आढळला नाही. सहकार्याबद्दल आभार.

मायच्या पायाशी पातेलं होतं. त्यात नुकतंच नळाला आलेलं पाणी होतं. मी त्याला पाणी म्हणतोय ते केवळ नळातून आलं म्हणून. रंग म्हणाल तर तंबाखू खाणाऱ्याने तीन जन्म साठवून ठेवलेली चूळ. वास असा की गल्लीतली मांजर एकदा पातेल्यात तोंड घालायला गेली, तिने नुसतं हुंगलं, आणि ती जी पळाली ती इच्छापोरच्या कारखान्यांपाशी थांबली असं तिकडे कामाला जाणारे सांगतात. वर तेलकट साय. त्या सायीत सूर्य उगवलेला दिसायचा, इंद्रधनुष्यासकट.

"दोष नही," माय पातेल्याकडे बघून म्हणाली. "मंग हाई काय शे, केसरी दूध?"

आता हे कधी घडत होतं ते सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की म्हातारीला पाण्याचंच काय एवढं. दुसऱ्या दिवशी कानबाई होती. नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्हा खानदेशी लोकांच्या घरात ही देवी बसते. लाल कापडात जपून ठेवलेलं पिढीजात नारळ निघतं, त्याला नथ घालतात, चौरंगाला केळीचे खांब लावतात, आणि सगळे भाऊबंद एका चुलीवरचे रोट खातात. दिवाळी हुकली तरी चालेल, कानबाईचे रोट हुकता कामा नये. आणि आमच्या घराण्यात ते बरीच वर्षं हुकले होते. एका वर्षी कोणाचं सुतक, एका वर्षी साथ, एका वर्षी भावाभावांत बोलणं बंद. या वर्षी पहिल्यांदा सगळ्यांचं जमलं, आणि मायने हट्टाने मागून घेतलं की कानबाई गावी नको, सुरतेला माझ्या घरी बसू दे. तिचे गुडघे गेलेत. गावच्या घराच्या पायऱ्या तिला आता चढवत नाहीत. गावी बसली तर तिला फोटोतच बघावी लागणार.

नारळ असतं मोठ्या काकांकडे. ते वडिलांचे थोरले भाऊ, अमळनेराकडच्या गावात राहतात. त्यांनी होकार दिला, पण एक अट घातली. आमच्या घराण्यात रोटाचं पीठ मळायचं ते ज्या घरात देवी बसते त्याच घरच्या पाण्याने. विकतचं पाणी चालत नाही, शेजाऱ्याचं चालत नाही, सोसायटीच्या सामाईक बोअरचंही चालत नाही. आणि रोट जेवून धुतलेल्या हातांचं पाणीसुद्धा गटारीत जाऊ द्यायचं नाही, खड्डा करून त्यात सोडायचं. काका फोनवर म्हणाले, "तुमन्या सुरतमा पानी कसं शे? मी येसू, पाहासू. चांगलं नसनं तर नारय परत लयी जासू."

म्हणजे ज्या घरात हात धुतलेलं पाणी गटारीत सोडणं पाप, त्या घरात गटारच नळातून हात धुवायला येत होती. देवीने हे बघितलं असतं तर तिनेच नथ काढून ठेवली असती.

हे सुरू झालं आषाढात. कोणीतरी रस्ता खोदला, कोणीतरी केबल टाकली, कोणीतरी पाइप फोडला आणि सगळ्यांनी मिळून वरून माती ढकलली. कोणत्या कचेरीने, ते मी लिहीत नाही, कारण मला ठाऊकच नाही. आमचा भाग धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. पाणी सोडणारे म्हणतात पाइप आमचा, पण खड्डा त्यांचा. खड्डावाले म्हणतात खड्डा आमचा, पण पाणी त्यांचं. शेवटी कोणीतरी सांगितलं, चकरा कशाला मारता, आता सगळं ऑनलाइन आहे, सगळं उघड आहे, घरी बसून दिसतं.

मग मी ती वेबसाइट उघडली. मी कापड मार्केटात दलालाकडे कामाला आहे. पॉलिस्टरला रेशीम म्हणून दाखवणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे चांगला लावलेला माल मला लांबून ओळखू येतो. तर त्या वेबसाइटचं दुकान काय सजवलेलं होतं. वर हसणारी माणसं. हसणारी आजी, हसणारं बाळ, नळाखाली ओंजळ धरून हसणारी एक बाई, आणि त्या नळातलं पाणी हिऱ्याच्या कारखान्यात पैलू पाडून आणलेलं. खाली मोठा गोल, त्यात किती तक्रारी आल्या आणि किती सुटल्या ते दाखवलेलं. गोल सगळा हिरवा. लाल रंगाची एक फट होती, ती इतकी बारीक की मला वाटलं माझ्या स्क्रीनवर ओरखडा आहे. मी ती बोटाने पुसून पाहिली.

'जाणून घ्या आपले अधिकारी' असं एक पान होतं. त्यावरच्या पहिल्या नंबरावर एक गृहस्थ म्हणाले, ते निवृत्त होऊन नातवाला शाळेत सोडायला लागलेत. दुसरा नंबर लागला तो एका फरसाणवाल्याला. तो बिचारा इतका सरावलेला होता की त्याने आपणहून विचारलं, "पाणी का गटर?" 'माहिती सर्वांसाठी खुली' या पानावर टिचकी मारली तर पान म्हणालं, हे पान तयार होत आहे. नागरिकांची सनद नावाचा कागद होता, तो कोणीतरी यंत्रात तिरका घालून छापलेला. तो वाचायला मान वाकडी करावी लागे, आणि सगळा वाचणाऱ्याची मान तशीच राहिली असती. सगळं उघडं होतं, यात शंका नाही. कपाटं सताड उघडी, आणि आत झुरळ.

तक्रारीचे प्रकार यादीतून निवडायचे होते. पाणी येत नाही. पाणी कमी दाबाने येतं. पाणी वाया जातं. 'पाण्यातून गटार येते' असा प्रकारच नव्हता. म्हणजे ज्याने यादी केली त्याच्या मते हे जगात घडत नाही. मी 'इतर' निवडलं. मग फोटो मागितला. मी पातेल्याचा फोटो काढला. वेबसाइट म्हणाली, फोटो फार जड आहे. मी लहान केला, अजून जड. इतका लहान करत नेला की शेवटी पातेलं वाटाण्याएवढं झालं आणि त्यात चहा असावा असं वाटायला लागलं. तेव्हा तो गेला.

पहिली तक्रार बंद झाली: विषय या विभागाचा नाही. दुसरी बंद झाली: विषय योग्य विभागाकडे पाठवला आहे. योग्य विभाग कोणता, ते गुलदस्त्यात. प्रत्येक तक्रार बंद झाली की त्या हिरव्या गोलात मोजली जात असणार. मला तर वाटतं तो गोल एकट्या आमच्या गल्लीवर पोसला होता. मार्केटात आम्हीही खोटं विकतो, पण आम्ही खोट्याबरोबर साडी तरी देतो.

तिसऱ्या तक्रारीला मात्र उत्तर आलं की शुक्रवारी कर्मचारी जागेवर येऊन तपासणी करतील. मी घरी येऊन ते वाचून दाखवलं आणि घरात लगीनघाई सुरू झाली.

इथे जे झालं ते फक्त आमच्या लोकांकडूनच होऊ शकतं. दुसऱ्या कोणाच्या घरी अधिकारी घाण बघायला येणार असता, तर त्यांनी घाण राखून ठेवली असती. थोडी भर घातली असती. पण मायच्या डोक्यात दोन गोष्टी एकत्र झाल्या. एक, कानबाई येणार. दुसरी, साहेब येणार. दोघंही पाहुणेच. "साहेब येणार अन् दारात घान? लोक काय म्हनतीन, खानदेशनी मानसं अशी ऱ्हातस?"

मायने गल्लीतल्या आमच्याकडच्या सगळ्या बायका गोळा केल्या. दारासमोरच्या ज्या फुटक्या चेंबरमधून गटार उसळून नळाच्या पाइपात शिरत होती, ते त्यांनी खराट्याने, विळ्याने, एकीने तर जुन्या तव्याने खरवडून काढलं. बादल्या भरभरून चिखल वाहिला. वर फिनेल. मग शेण कुठून आणलं देव जाणे, सुरतेत शेण आणणं हे पॉलिस्टरमध्ये रेशीम शोधण्यासारखं आहे, पण आणलं आणि सडा घातला. चेंबरचं झाकण नव्हतं, तर माझ्या बायकोने कपाटामागची फळी आणून वर ठेवली. आणि त्या फळीवर, गटारीच्या बरोबर डोक्यावर, मायने गुडघे दुखत असताना खाली बसून रांगोळी काढली. कानबाईच्या पावलांची. चारी बाजूंनी कमळं. ती रांगोळी इतकी सुरेख होती की समोरच्या गुजराती बेन चप्पल हातात घेऊन तिला वळसा घालून गेल्या.

मी म्हटलं, "माय, आपण तक्रार कशाची केलीय?"

"ते तू सांग ना त्यासले तोंडघाई. तुले तोंड दियेल शे ना."

साहेब आला. मोटारसायकलवर, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल. माणूस वाईट नव्हता. हेच जास्त चीड आणणारं आहे. वाईट असता तर भांडता आलं असतं. त्याने फळीपाशी चप्पल काढली, रांगोळीला नमस्कार केला आणि विचारलं, "प्रॉब्लेम क्यां छे?"

मी म्हटलं, "या रांगोळीखाली."

तो म्हणाला, रांगोळी कशी मोडणार, सणाचे दिवस आहेत. आणि त्याने तिचा फोटो काढला. एक उभा, एक आडवा.

मग त्याने पाणी मागितलं. मी म्हटलं, आता सापडलास. मी नळाकडे धावलो. पण माझ्या बायकोने त्याआधीच तांब्या-पेला पुढे केला होता. पाहुण्याला पाणी विचारावं लागतं का? ते कोणतं पाणी होतं, तर कोपऱ्यात ठेवलेल्या विकतच्या जारचं. गार, गोड, जणू तापी उगमापाशीच भरून आणली. त्याने अख्खा पेला रिकामा केला. वर चहा झाला. तोही जारचाच, गवती चहा घालून. तो निघताना म्हणाला, "पाणी तो सरस छे, मासी."

मायला गुजराती कामापुरतं कळतं. ती पदर नीट करत हसली. तिला वाटलं तो घरच्या वागण्याचं कौतुक करतोय.

मी नंतर बायकोला विचारलं, की नळाचं का नाही दिलंस. ती माझ्याकडे अशी बघत राहिली जणू मी कोणाला विष द्यायला सांगतोय. "पाहुण्याला कोणी गटार पाजतं का? उद्या त्याला काही झालं असतं म्हणजे?"

तर हा शुक्रवार. आणि शनिवारी सकाळी तो मेसेज. मी वेबसाइट उघडली. आमची तक्रार तिथे होती, हिरव्या शिक्क्यासकट. एका बाजूला 'कामाआधी', त्यात माझं वाटाण्याएवढं पातेलं. दुसऱ्या बाजूला 'कामानंतर', त्यात मायची रांगोळी. खाली लिहिलं होतं: चेंबरची स्वच्छता व सुशोभीकरण पूर्ण. पाणी पिऊन खात्री केली.

मायचे गुडघे, बायकोची फळी, बायकांनी वाहिलेल्या बादल्या, सगळं त्या कचेरीच्या नावावर जमा. मला तर भीती वाटली की पुढल्या वर्षी त्या हसणाऱ्या बाईच्या जागी आमची फळी लागेल. तक्रार पुन्हा उघडण्याचं एक बटण होतं, पण ते राखाडी, दाबलं तरी हलायचं नाही. नुसतं शोभेला. सेवेला किती तारे द्याल, असंही विचारलं होतं. मी एक दिला आणि खाली माझं मत लिहिलं. वेबसाइट म्हणाली, आपल्या मजकुरात अनुचित शब्द आहेत. पहिल्यांदाच तिने खरं सांगितलं.

दुपारी मोठे काका भुसावळकडच्या गाडीने आले. मांडीवर लाल कापडातलं नारळ. गर्दीत सगळी वाट त्यांनी ते खाली ठेवलं नव्हतं. उधन्याला उतरले तेव्हा हात आखडून तसेच राहिले होते, रिकामे केले तरी नारळाच्या आकाराचे. फळीवरची रांगोळी बघून खूश झाले. आत आले, बसले, आणि म्हणाले, "हं. पानी दाखाडा."

आता मी काय केलं ते ऐका. मी मोबाईल काढला. काकांपुढे धरला आणि मराठीत मोठ्याने वाचलं. जागेवर तपासणी केली, पाण्यात दोष आढळला नाही, पाणी पिऊन खात्री केली. शिक्का दाखवला. हिरवा गोल दाखवला. का नाही दाखवायचा? महिनाभर त्या वेबसाइटने मला गटार पाजली, तर एक दिवस तिचं खोटं माझ्या मायच्या कामी आलं तर काय बिघडलं? कचेरीने फुकट दिलेला माल, मी पुढे विकला. रात्रीत पातेल्यातलं पाणी उकळून, फडक्यातून गाळून, तुरटी फिरवून कसंबसं पाण्याच्या रंगावर आणता आलं असतं. माझ्या बायकोने तुरटी आणून ठेवलीही होती.

काकांनी चष्मा लावून शिक्का बघितला. गावाकडच्या माणसाला शिक्का म्हणजे मोठी गोष्ट. ते मागे रेलले आणि म्हणाले, "सरकारनी लिखी देल शे. मंग काय, बसू द्या देवी."

मी मायकडे बघितलं. तिने आता हसायला हवं होतं. इतक्या वर्षांनी, तिच्या घरी, एकही पायरी न चढता.

माय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. थोरला दीर, म्हणून पदर डोक्यावरून कपाळापर्यंत. लग्न होऊन आल्यापासून ती काकांशी कधी थेट बोललेली नाही. काही सांगायचं असलं तर मला सांगते, समोर काका बसलेले असले तरी. ती आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, आधी खोकल्यासारखा, मग नेहमीचा. ती तांब्या घेऊन बाहेर आली आणि तो काकांच्या समोर, नारळाशेजारी ठेवला.

"प्या," ती म्हणाली. मला नाही, त्यांना.

काकांनी तांब्यात वाकून बघितलं. मग माझ्या मोबाईलकडे. मग पुन्हा तांब्यात. त्यांच्या नाकाच्या दोन्ही पाकळ्या फुगल्या.

"हाई पानी?"

"हाईच," माय म्हणाली. "मी देवीले हाई नही देवाव. तुरटी फिराई तरी नही."

मी म्हटलं, "माय, शिक्का आहे ना."

"शिक्का तू पी," ती म्हणाली आणि आत गेली.

 काका रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नारळ पुन्हा लाल कापडात बांधलं, गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. मायला गावी पाठवा, असं म्हणणार होते बहुतेक, पण पायऱ्या आठवल्या असाव्यात. चहा घेतला नाही. जारचं पाणी घेतलं. संध्याकाळच्या गाडीने परत गेले. माय त्यांना सोडायला फळीपर्यंत आली. नारळ कोपऱ्यावरून वळेपर्यंत तिने हात जोडून ठेवले होते.

रविवारी गावी कानबाई बसली. फोटो आले. चौरंग, केळीचे खांब, नथ, सगळं. मायने मोबाईल नाकाशी धरून ते बघितले आणि नथ वाकडी बसली आहे म्हणाली. आमच्याकडे त्या दिवशी खिचडी झाली. फळीवरची रांगोळी तोवर खालून ओली होऊन फुगली होती. कमळं पहिल्यांदा गेली, पावलं नंतर.

सोमवारी दुपारी फोन आला. मायच्या हातात मोबाईल होता, तिनेच घेतला आणि स्पीकर लावला. पलीकडे एक मुलगी होती. आवाज गोड, त्या वेबसाइटवरच्या हसणाऱ्या बाईचाच असावा. कचेरीतर्फे बोलतेय म्हणाली, आपल्या पाण्याच्या तक्रारीचं काम झालं आहे, आपण समाधानी आहात का, हो किंवा ना सांगा.

माय यावेळी ओरडली नाही. तिने खुर्ची ओढली, बसली, आणि तिच्या मोडक्यातोडक्या गुजरातीत त्या मुलीला सगळं सांगितलं. कानबाई कोण ते सांगितलं. नारळ कुठून आलं आणि कुठे गेलं ते सांगितलं. रांगोळी आपली होती ते सांगितलं, पेल्यातलं पाणी विकतचं होतं तेही सांगितलं. नळ आत्ता चालू करते, वास फोनमधून येतो का बघ, असंही म्हणाली.  मला वाटलं मुलगी लिहून घेतेय.

"तर ना," माय शेवटी म्हणाली. "लिख. ना."

पलीकडे टकटक बटणं वाजली.

"मासी," मुलगी म्हणाली, "फरियाद तो बंध थई गई छे."